जो ग्रह नव्हताच

फ्रान्समधल्या ऑर्जेर या छोट्या गावात एदमाँ लेस्कार्बो नावाचे डॉक्टर राहत होते. रुग्णांतून सवड मिळाली की ते दुर्बिणीपाशी जात. २६ मार्च १८५९ रोजी त्यांना सूर्यबिंबावरून एक लहान, काळा, गोल ठिपका सरकताना दिसला. सौरडाग इतक्या झरझर सरकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ठिपक्याची वेळ आणि जागा टिपून ठेवली. डिसेंबरमध्ये त्यांच्या वाचनात आलं, की पॅरिस वेधशाळेचे संचालक उर्बँ ल व्हेरिए यांच्या गणितानुसार सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान एखादा ग्रह असायला हवा. लेस्कार्बोंनी लगेच त्यांना पत्र लिहिलं. वर्ष संपता संपता ल व्हेरिए स्वतः, काही न कळवता, डॉक्टरांच्या दारात हजर झाले. दुर्बीण कोणती, वेळ कशी मोजली, नोंदी कुठे आहेत, अशी कसून उलटतपासणी झाली. ल व्हेरिएंचं समाधान झालं. जानेवारी १८६० मध्ये लेस्कार्बोंना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. नव्या ग्रहालाही नाव मिळालं, वल्कन. रोमन पुराणातला हा अग्निदेव. जवळजवळ २० दिवसांत हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो, असा हिशेबही ल व्हेरिएंनी मांडला.

हा ग्रह नव्हताच. तो कधीही अस्तित्वात नव्हता. तरीही पुढची जवळपास ५० वर्षं जगातले निष्णात खगोलशास्त्रज्ञ त्याला शोधत राहिले. ते भोळे नव्हते, हट्टीही नव्हते. त्यांचा शोध ज्या सिद्धांतावर उभा होता, तो न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत माणसाच्या बुद्धीने तोवर घडवलेला सर्वांत भक्कम सिद्धांत होता. तो सिद्धांत कसा हलला आणि त्याची जागा दुसऱ्याने कशी घेतली, हे आज मुद्दाम सांगायला हवं. कारण ‘विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरंच सांगतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ हा प्रश्न हल्ली लसींपासून हवामानबदलापर्यंत प्रत्येक विषयात विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर वल्कनच्या गोष्टीत आहे.

कागदावर सापडलेला नेपच्यून

ल व्हेरिएंचा आत्मविश्वास कुठून आला होता, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल यांनी युरेनस शोधला. न्यूटनच्या नियमांनी त्याचा मार्ग आखता येत होता. पण हा ग्रह आखलेल्या मार्गावर राहीना. १८२१ मध्ये अलेक्सी बुव्हार यांनी त्याची नवी कोष्टकं तयार केली, तरी काही वर्षांतच तो त्या कोष्टकांतूनही सरकला. फरक अगदी बारीक होता, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक तर इतक्या दूरच्या अंतरावर न्यूटनचा नियम थोडा बदलत असावा. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या मनात ही शंका होती. नाहीतर युरेनसच्या पलीकडे आणखी एक ग्रह असावा आणि तो त्याला ओढत असावा. फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये जॉन काउच ॲडम्स यांनी एकमेकांच्या नकळत दुसरी वाट धरली. युरेनसच्या चालीतल्या फरकावरून न दिसलेल्या ग्रहाची जागा काढायची, असं ते उलटं आणि किचकट गणित होतं. ल व्हेरिएंनी आपलं उत्तर बर्लिन वेधशाळेतल्या योहान गाले यांना पाठवलं. पत्र पोहोचलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, गालेंनी दुर्बीण वळवली. तासाभरातच, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत, नकाशात नसलेला एक ‘तारा’ दिसला. तो नेपच्यून होता.

न्यूटनच्या नियमाविरुद्ध उभी राहिलेली साक्षच त्याचा सर्वांत मोठा विजय ठरली. यातला पहिला धडा फार महत्त्वाचा आहे. एखादं निरीक्षण सिद्धांताशी जुळत नाही म्हणून सिद्धांत फेकून द्यायचा नसतो. युरेनस चुकतोय म्हणून १८३० च्या दशकात कोणी न्यूटनला निकालात काढलं असतं, तर नेपच्यून हाती लागला नसता. धूमकेतूंचं परतणं, भरती-ओहोटी, चंद्राची चाल अशी हजारो उत्तरं बरोबर देणारा सिद्धांत एका ठिकाणी अडला, तर आधी त्या ठिकाणी आपल्या नजरेतून काय निसटलं आहे, हे पाहायचं असतं.

बुधाच्या ४३ विकला

ल व्हेरिएंनी मग उरलेल्या सूर्यमालेचा हिशेब तपासायला घेतला. सगळे ग्रह नीट बसले. फक्त बुध बसला नाही.

बुध सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो आणि ८८ दिवसांत एक फेरी पुरी करतो. त्याच्या कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूला उपसूर्य बिंदू म्हणतात. हा बिंदू एका जागी थांबत नाही. दर फेरीला तो किंचित पुढे सरकतो. त्यामुळे बुधाचा मार्ग एकावर एक गिरवलेल्या रेघेसारखा न राहता, फुलाच्या पाकळ्यांसारखा हळूहळू वळत जातो. शुक्र, पृथ्वी, गुरू यांच्या ओढीने हे होणारच आणि न्यूटनचे नियम त्याचा आकडाही देतात. एका शतकात सुमारे ५३२ विकला. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. बुध जेव्हा सूर्यबिंबावरून जाताना दिसतो, त्या अधिक्रमणांच्या १६९७ पासूनच्या नोंदी ल व्हेरिएंपाशी होत्या. त्या नोंदींतून निघणारी सरक गणितापेक्षा शतकाला ३८ विकलांनी जास्त होती. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेतले सायमन न्यूकम यांनी हा आकडा सुधारून ४३ विकला केला.

४३ विकला म्हणजे किती, ते पाहू. इतक्या वेगाने एक अंश सरकायला ८,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. पूर्ण एक वळसा घ्यायला ३० लाख वर्षं. इतका क्षुल्लक फरक शास्त्रज्ञांना अस्वस्थ करत होता, ही गोष्ट मला विज्ञानाच्या इतिहासात विलक्षण वाटते. ‘जवळपास बरोबर आहे, चालेल’ असं म्हणून फाइल बंद करणं सहज शक्य होतं. कोणीही ती बंद केली नाही.

ल व्हेरिएंनी सगळे पर्याय तपासले. शुक्राचं वजन आपण कमी धरलं असेल का? हा फरक मिटवायला ते निदान एक दशांशाने वाढवावं लागलं असतं आणि मग पृथ्वीच्या चालीचा हिशेब बिघडला असता. उरला तो नेपच्यूनचा अनुभवसिद्ध उपाय. बुधाच्या आत आणखी एखादा ग्रह असेल किंवा लहान लहान खडकांचा समूह असेल. १८५९ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षअखेरीस डॉक्टर लेस्कार्बोंचं पत्र आलं.

पन्नास वर्षांचा पाठलाग

शंका पहिल्यापासूनच होती. एमान्युएल लिए हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ त्याच वेळी ब्राझीलमध्ये अधिक शक्तिशाली दुर्बिणीतून सूर्य पाहत होते. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. पण इतरांना अधूनमधून ठिपके दिसत राहिले. त्यांतले बरेचसे साधे सौरडाग निघाले. २२ मार्च १८७७ रोजी वल्कन सूर्यबिंबावरून जाण्याची शक्यता ल व्हेरिएंनी वर्तवली. सूर्यावर काहीच आलं नाही. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, नेपच्यूनच्या शोधाला बरोबर ३१ वर्षं झाली त्या दिवशी, ल व्हेरिएंचं निधन झालं.

सूर्याच्या इतक्या जवळचा ग्रह शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे खग्रास सूर्यग्रहण. २९ जुलै १८७८ च्या ग्रहणात अमेरिकेत जेम्स वॉटसन आणि लुईस स्विफ्ट या दोन नावाजलेल्या निरीक्षकांनी सूर्याजवळ अनोळखी ठिपके पाहिल्याचं जाहीर केलं. दोघांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत. वॉटसन यांनी पाहिले ते कर्क राशीतले माहितीचेच तारे होते, असं ख्रिश्चन पीटर्स यांनी दाखवून दिलं. वॉटसन यांचा विश्वास मात्र ढळला नाही. त्यांनी विस्कॉन्सिनमध्ये या शोधासाठी जमिनीखालून निरीक्षण करण्याची सोय बांधायला घेतली आणि ती पुरी होण्याआधीच, १८८० मध्ये, ते गेले. पुढे छायाचित्रणाच्या काचा आल्या. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेने १९०१, १९०५ आणि १९०८ च्या ग्रहणांत सूर्याभोवतालचं आकाश टिपून बारकाईने तपासलं. बुधाला ओढू शकेल एवढा मोठा ग्रह तिथे नव्हता.

वल्कन संपला, पण ४३ विकला उरल्याच. मग न्यूटनचा नियमच जरा मोडून पाहू, असा विचार पुढे आला. न्यूटनच्या नियमात गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या, म्हणजे २ या घाताच्या प्रमाणात कमी होतं. १८९४ मध्ये असॅफ हॉल यांनी तो घात २ ऐवजी २.००००००१६ धरला आणि बुधाचा हिशेब जुळला. पण तो बदल चंद्राच्या चालीत बसेना. अर्नेस्ट ब्राउन यांच्या चंद्रगणिताने १९०३ मध्ये ही पळवाट बंद केली. म्यूनिखचे ह्युगो फॉन झेलिगर यांनी १९०६ मध्ये सूर्याभोवतीच्या धुळीची कल्पना मांडली. ठिगळं लावता येत होती, पण एक जागा शिवली की कापड दुसरीकडे फाटत होतं.

यातला दुसरा धडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे. बुधाची अडचण १८५९ पासून सर्वांना माहीत होती, तरी १९१५ पर्यंत न्यूटनचा सिद्धांत जागेवरच राहिला. यात हेकटपणा नव्हता. त्याच्याइतकी उत्तरं देणारं दुसरं काहीच हाताशी नव्हतं. दोषाची नुसती यादी वाचून सिद्धांत हटत नाही, तो अधिक चांगल्या सिद्धांतासमोर हटतो.

हेलियम आणि कोरोनियम

‘न दिसणारं काहीतरी असेल’ हा अंदाज कधी खरा ठरतो आणि कधी फसतो, याची आणखी एक जोडी याच काळात घडली. तिचा एक धागा आपल्या भागातून जातो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता. गुंटूरला पियेर जान्सन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. विजयदुर्ग किल्ल्याचं नावही कोकणात या ग्रहणाशी आवर्जून जोडलं जातं आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात या निरीक्षकांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमची वाटत होती. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती रेषा नीट मोजली. ती सोडियमची नव्हती, पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. मग सूर्यावर नवं मूलद्रव्य आहे, असं मानलं गेलं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना ते पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात सापडलं. हाच तो हेलियम.

भारतातल्या त्या ग्रहणाच्या पुढच्याच वर्षी, १८६९ च्या ग्रहणात, सूर्याच्या प्रभामंडलात म्हणजे करोनात एक हिरवी रेषा दिसली. तीही अनोळखी होती. याही वेळी नवं मूलद्रव्य असणार म्हणून त्याला ‘कोरोनियम’ हे नाव पडलं. पण कोरोनियम पृथ्वीवर कुठेच सापडेना. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत त्याच्यासाठी रिकामी जागाही उरली नाही. १९४० च्या सुमाराला वाल्टर ग्रोट्रिआन आणि बेंग्ट एडलेन यांच्या कामातून उत्तर मिळालं. ती हिरवी रेषा लोखंडाची होती. फक्त त्या लोखंडाच्या अणूतून १३ इलेक्ट्रॉन निघून गेले होते. त्यासाठी दहा लाख अंशांच्या वरचं तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस आणि त्याच्या बाहेरचं विरळ प्रभामंडल दहा लाख अंशांच्या वर! नवं मूलद्रव्य नाही मिळालं, पण सूर्याविषयीची आपली समजूतच बदलली. २०२३ मध्ये भारताने पाठवलेल्या ‘आदित्य-एल १’ यानावरचा करोनादर्शक आज नेमकी हीच हिरवी रेषा पाहत आहे.

नेपच्यून आणि हेलियम खरे निघाले, वल्कन आणि कोरोनियम खोटे. अंदाज बांधण्याची रीत चारही वेळा एकच होती. खरं-खोटं आधी कळत नाही, ते तपासूनच कळतं. म्हणून वल्कन शोधणाऱ्यांना हसण्याचं काही कारण नाही. त्यांनी अंदाज केला, तो तपासला आणि नाही म्हणजे नाही, हे मान्य केलं. तिसऱ्या ग्रहणात रिकामी काच हाती आल्यावर ‘अजून एकदा बघू’ असं न म्हणता थांबणं, हेही विज्ञानाचंच काम होतं.

१८ नोव्हेंबर १९१५

आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी बुधासाठी नवा सिद्धांत रचायला घेतला नव्हता. त्यांची अडचण अधिक खोलवरची होती. त्यांच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतानुसार कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचू शकत नाही. न्यूटनच्या नियमात मात्र सूर्याची ओढ पृथ्वीपर्यंत क्षणार्धात पोहोचते. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं. १९०७ पासून ते गुरुत्वाकर्षणाच्या नव्या मांडणीमागे लागले. बुधाची सरक आपल्या सिद्धांतातून निघेल, ही आशा त्यांनी त्या वर्षअखेरीस मित्राला लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती.

१९१३ मध्ये त्यांनी मिशेल बेसो या मित्राबरोबर आपल्या तेव्हाच्या अपुऱ्या सिद्धांतातून बुधाचा आकडा काढून पाहिला. उत्तर आलं १८ विकला. हवे होते ४३. त्यांनी ते प्रसिद्ध केलं नाही, काम चालू ठेवलं. अखेर १८ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनमध्ये प्रशियन अकादमीपुढे त्यांनी बुधावरचा लेख मांडला. नवी समीकरणं ४३ विकला देत होती. त्या आनंदाने आपल्या छातीत धडधड झाल्याचं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

आइन्स्टाइनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण ही अदृश्य ओढ राहत नाही. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ दोन्ही वक्र होतात आणि ग्रह त्या वक्रतेतून जातात. सूर्याजवळ ही वक्रता जास्त, म्हणून बुधाचा फरक सर्वांत ठळक. तेच समीकरण शुक्रासाठी शतकाला सुमारे ८.६ आणि पृथ्वीसाठी ३.८ विकला इतकी जादा सरक देतं आणि पुढच्या मोजणीत तीही बसली. या गणितात मागेपुढे करायला एकही आकडा नव्हता. हॉल यांनी आपला घात बुधाकडे बघून ठरवला होता. आइन्स्टाइनच्या समीकरणात असं जुळवायला काहीच नव्हतं. ४३ आपोआप आले. ठिगळ आणि सिद्धांत यांच्यातला फरक तो हाच.

तरीही बुधाची अडचण आधीच माहीत होती. ज्या गोष्टीकडे कोणी पाहिलेलंच नाही, ती सांगण्याची परीक्षा बाकी होती. सूर्याच्या कडेला चाटून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ विकला वळेल, असं नवा सिद्धांत सांगत होता. न्यूटनच्या विचाराने त्याच्या निम्माच. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले आणि दुसरी ब्रिटिश तुकडी ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. प्रिन्सिपेचं उत्तर १.६१ आलं, सोब्रालच्या लहान दुर्बिणीचं १.९८. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीतल्या काचा न्यूटनच्या बाजूने झुकत होत्या, पण उन्हाने तिची नाभी बिघडून तारे पसरट आले होते, म्हणून त्यांना वजन दिलं नाही. हा निर्णय पक्षपाताने घेतला का, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. १९७९ मध्ये ग्रीनिच वेधशाळेने त्याच काचा आधुनिक यंत्रांनी पुन्हा मोजल्या आणि निष्कर्ष आइन्स्टाइनच्या बाजूनेच लागला. ६० वर्षं जपून ठेवलेल्या काचा कोणालाही पुन्हा तपासता येतात, याहून मोठी खात्री कोणती?

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाला या प्रसंगातली हीच गोष्ट भावली. सिद्धांताने स्वतः धोका पत्करायला हवा. ‘असं दिसलं नाही तर मी चुकलो,’ हे आधीच सांगायला हवं.

चांगला पराभव

धोका पत्करणारा सिद्धांत कधी हरतोही. १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. विश्वाला आरंभ नाही आणि व्यापक पातळीवर ते सर्व काळी सारखंच दिसतं, असा त्याचा दावा होता. त्यातून स्पष्ट अनुमान निघत होतं. खूप दूर, म्हणजेच खूप भूतकाळात पाहिलं, तरी विश्व आजच्यासारखंच दिसायला हवं. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांची रेडिओ स्रोतांची मोजणी याच्या विरोधात जाऊ लागली, तेव्हा १९६१ मध्ये स्थिर स्थितीची बाजू मांडणाऱ्यांत कोल्हापूरला जन्मलेले तरुण संशोधक जयंत नारळीकर होते. १९६५ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी विश्वभर पसरलेली सूक्ष्मतरंगांची पार्श्वभूमी शोधली. त्यानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञ विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताकडे वळले. नारळीकर मात्र शेवटपर्यंत महास्फोटाला अवघड प्रश्न विचारत राहिले. बहुमताने त्यांचं म्हणणं स्वीकारलं नाही. पण विरोधाचा त्यांचा मार्ग समीकरणांचा आणि निरीक्षणांचा होता. अशा विरोधकांमुळेच विजयी सिद्धांत आपली बाजू पुन्हा पुन्हा तपासतो. पुण्यातली ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली, ती याच वृत्तीवर.

मग न्यूटन बाद झाला का?

नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्याच्या मार्गाचं मुख्य गणित न्यूटनचंच होतं. कोयनेच्या धरणापासून मुंबईच्या सागरी सेतूपर्यंत सगळी बांधकामं त्याच्याच नियमांवर उभी आहेत. जिथे गुरुत्व सौम्य आणि वेग कमी, तिथे आइन्स्टाइनची समीकरणं आपोआप न्यूटनची होतात. नव्या सिद्धांताने जुन्याचं प्रत्येक यश आपल्यात सामावून घेतलं आणि त्यापुढे पाऊल टाकलं.

आणि ते पाऊल केवळ दूरच्या बुधापुरतं नाही. तुमच्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. सापेक्षतेने हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात जागा सांगण्यात सुमारे दहा किलोमीटरची चूक साचेल.

आइन्स्टाइनचा सिद्धांतही अखेरचा नाही. पुंजभौतिकीशी त्याचा मेळ अजून बसलेला नाही. शिवाय वल्कनसारखा एक प्रश्न आज आपल्यासमोर उभा आहे. दीर्घिकांच्या बाहेरच्या भागातले तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये दीर्घिकांच्या समूहांत अशीच विसंगती पाहिली होती. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या मोजणीने ती ठळकपणे समोर आली. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तिथे न दिसणारं कृष्णद्रव्य आहे. हा नेपच्यूनचा मार्ग. १९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी गुरुत्वाचा नियमच बदलून पाहिला. हा दुसरा मार्ग. एकमेकांवर आदळलेल्या दीर्घिकासमूहांची निरीक्षणं कृष्णद्रव्याच्या बाजूने भक्कम साक्ष देतात, पण त्याचा एकही कण अजून प्रयोगशाळेत सापडलेला नाही. कृष्णद्रव्य नेपच्यून ठरेल की वल्कन, हे मतदानाने ठरणार नाही, मोजणीने ठरेल.

अशी एक मोजणी मराठवाड्यात होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेझर किरण फिरवून गुरुत्वीय लहरी टिपायच्या आहेत. आइन्स्टाइनने भाकीत केलेल्या या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी पहिल्यांदा पकडल्या. हिंगोलीत मोजलेली एखादी लहर आइन्स्टाइनच्या समीकरणाशी जुळली नाही, तर ती अडचण नसेल, ती मोठी संधी असेल.

म्हणून ‘विज्ञान बदलतं’ हे कोणी तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर त्याला सांगा, की ते मनमानी बदलत नाही. न्यूटन हलायला ५६ वर्षांची मोजणी, अनेक ग्रहणं आणि एक अधिक खोल सिद्धांत लागला. आणि कोणी ‘प्रस्थापित विज्ञान चुकीचं आहे, माझ्याकडे नवं सत्य आहे’ असं म्हणत आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. जुना सिद्धांत जे बरोबर सांगतो, ते सगळं तुमचा सिद्धांत सांगतो का? ज्याने तुम्ही चूक ठरू शकाल, असं एखादं भाकीत तुम्ही आधी करता का? आणि तुमची निरीक्षणं दुसऱ्या कोणालाही तपासता येतात का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील, तर त्याचं म्हणणं कान देऊन ऐका, मग तो कोणीही असो. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याने गॅलिलिओचा कितीही दाखला दिला, तरी ते विज्ञान नव्हे. मुलांना शाळेत सिद्धांत पाठ करायला लावतो, त्याच्या जोडीने हे तीन प्रश्न विचारायलाही आपण शिकवलं पाहिजे.